मेपल उत्पादकांची शाळा : विषय कोणी ठरवायचे?

उत्तर अमेरिकेतील मेपल सिरपचा हंगाम जेमतेम दीड महिन्याचा. त्याआधी भरणाऱ्या चर्चासत्रांत काय शिकवले जाते, यावर उत्पादकाचे वर्षभराचे उत्पन्न अवलंबून असते आणि झाडांचे पुढील कित्येक वर्षांचे आरोग्यही. मात्र उत्पादकांना जे ऐकायचे असते आणि त्यांनी जे ऐकायला हवे, ते नेहमी एकच नसते.

जानेवारी महिन्यात अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट, न्यूयॉर्क, मेन या राज्यांत आणि सीमेपलीकडील कॅनडाच्या क्युबेक प्रांतात सर्वत्र बर्फ साचलेले असते. शेतीची कामे थंडावलेली असतात. नेमक्या याच काळात तेथील मेपल सिरप उत्पादकांची चर्चासत्रे भरतात. न्यूयॉर्क राज्यातील उत्पादकांचे हिवाळी संमेलन अनेक वर्षे वेरोना या गावच्या शाळेत होत असे. व्हरमाँटमध्येही जानेवारी हा अशा सत्रांचाच महिना. वेगवेगळ्या वर्गखोल्यांत एकाच वेळी व्याख्याने चालू असतात, मोठ्या दालनात यंत्रसामग्रीचे गाळे मांडलेले असतात आणि कोणत्या खोलीत शिरायचे याचा विचार करीत उत्पादक हाती कार्यक्रमपत्रिका घेऊन उभा असतो.

वरकरणी हा अगदीच स्थानिक आणि किरकोळ मामला वाटतो. तथापि ही कार्यक्रमपत्रिका तयार करणाऱ्यांपुढे दरवर्षी उभा राहणारा प्रश्न किरकोळ नाही. एका दिवसात फार तर पंधरा-वीस विषय बसतात. त्यांत नळ्यांच्या नव्या जोडणीला किती जागा द्यायची आणि जंगलाच्या निगेला किती? ज्या विषयाला गर्दी होते तो घ्यायचा, की ज्याला चारच जण येतील, पण ज्याच्या अभावी उद्या सगळ्यांचे नुकसान होईल, तो? या धंद्याचा इतिहास पाहिला तर या निवडीची किंमत उत्पादकांनी आणि झाडांनी वेळोवेळी मोजलेली दिसते.

चुकीला दुसरी संधी नाही

मेपल सिरप म्हणजे मेपल वृक्षाच्या गोडसर रसाचा आटवलेला पाक. उसाचा रस आटवून काकवी करण्याशी त्याचे जवळचे नाते आहे. फरक असा, की उसाच्या रसात साखरेचे प्रमाण भरपूर असते. मेपलच्या रसात ते साधारण दोनच टक्के असते. त्यामुळे एक लिटर पाकासाठी चाळीस लिटरहून अधिक रस आटवावा लागतो. जुन्या उत्पादकांचा एक हिशेब प्रसिद्ध आहे. ८६ या आकड्याला रसातील साखरेच्या टक्केवारीने भागले, की एका भाग पाकाला किती भाग रस लागेल ते कळते. दोन टक्के साखर असेल तर ४३ भाग, अडीच टक्के असेल तर ३४. अर्ध्या टक्क्याचा हा फरक सरपणाच्या किंवा तेलाच्या खर्चात किती मोठा होतो, हे वेगळे सांगायला नको.

रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, अशी हवा असेल तरच खोडातून रस वाहतो. ही स्थिती फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, मध्ये मध्ये खंड पडत, टिकते. झाडाला कळ्या फुगू लागल्या, की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो. भाजीपाला उत्पादकाचे एक पीक हुकले तर तो दुसरे घेऊ शकतो. मेपल उत्पादकाची तोटी चुकीच्या जागी बसली, पंपाची गळती लक्षात आली नाही किंवा पाक कढईत करपला, तर ती चूक सुधारण्याची संधी पुढच्या वर्षीच येते. हंगामाआधीच्या चर्चासत्रांना एवढे महत्त्व आले ते यामुळे.

पाकाचे शास्त्रही नाजूक आहे. त्या दिवशी पाणी ज्या तापमानाला उकळते त्यापेक्षा सुमारे चार अंश सेल्सियस अधिक तापमानाला पाक तयार होतो. पण पाण्याचा उत्कलनबिंदू हवेच्या दाबाप्रमाणे रोज थोडा बदलतो. म्हणून तापमापक दररोज नव्याने जुळवून घ्यावा लागतो. घनता ६६ ते ६७ अंश ब्रिक्सच्या दरम्यान असावी लागते. व्हरमाँटच्या कायद्याने ती किमान ६६.९ ठरवून दिली आहे. पाक पातळ राहिला तर आंबतो, त्यावर बुरशी धरते. फार दाट झाला तर बाटलीच्या तळाशी खडे जमतात. या साऱ्या गोष्टी शिकवण्याजोग्या आहेत आणि शिकल्याने लगेच फायदा होतो. म्हणूनच घनता, गाळणी, बाटलीबंद करणे हे विषय दरवर्षी असतात आणि ते असायलाही हवेत. वाद आहे तो त्यापुढच्या विषयांबाबत.

उत्पादनवाढीचे आकर्षण

गेल्या काही दशकांत या धंद्याचे रूप पार बदलले. पूर्वी प्रत्येक झाडाला बादली टांगून रस गोळा केला जाई. आता डोंगरउतारावरील हजारो झाडे प्लास्टिकच्या नळ्यांच्या जाळ्याने जोडलेली असतात आणि निर्वात पंप रस खेचून घेतो. या पंपाने निर्माण केलेल्या निर्वाताच्या प्रत्येक इंचामागे रसाचे उत्पादन साधारण पाच ते सात टक्क्यांनी वाढते, असे संशोधन सांगते. बादलीच्या काळात एका छिद्रामागे हंगामात लिटरभर पाक मिळाला तरी समाधान असे. उत्तम निगा राखलेल्या निर्वात यंत्रणेत तो दुपटीच्या घरात जातो.

दुसरा मोठा बदल रिव्हर्स ऑस्मॉसिसचा. शहरी घरांत हेच यंत्र पिण्याचे पाणी गाळण्यासाठी वापरतात. घरात शुद्ध पाणी ठेवून बाकीचे टाकून देतात. मेपल उत्पादक याच्या नेमके उलट करतो. तो पाणी बाजूला काढतो आणि उरलेला दाट रस ठेवतो. दोन टक्क्यांचा रस आठ टक्क्यांवर नेला, की तीन चतुर्थांश पाणी चुलीवर जाण्याआधीच निघालेले असते. इंधनाची आणि वेळेची ही बचत एवढी मोठी आहे, की या यंत्राविना मोठा उत्पादक आज धंदा करूच शकणार नाही.

साहजिकच निर्वात यंत्रणा, गळती शोधण्याची साधने, नव्या तोट्या आणि रिव्हर्स ऑस्मॉसिस हे विषय असले, की खोली भरते. व्हरमाँट विद्यापीठाच्या अंडरहिल येथील प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्राने या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. १९४६ पासून चालत आलेल्या या केंद्राने छिद्रांची स्वच्छता आणि रसाचे प्रमाण यांचा संबंध दाखवून दिला. छिद्रात जंतू वाढले, की झाड ते छिद्र लवकर बंद करते. रस नळीतून उलटा खोडात शिरू नये म्हणून एकदिशा झडप असलेली तोटी याच केंद्रातून पुढे आली. दरवर्षी नवी तोटी वापरण्याचा साधा सल्ला असंख्य उत्पादकांच्या खिशात थेट पैसे घालून गेला. एका व्याख्यानाने एवढा लाभ होत असेल, तर उत्पादकाने तेच पुन्हा मागितले यात त्याचा दोष नाही.

पण या मागणीला आणखी एक बाजू आहे. निर्वात पंप, नळ्या, झडपेच्या तोट्या, गाळण यंत्रे या सर्व विकण्याच्या वस्तू आहेत. संमेलनाचा खर्च बऱ्याच अंशी गाळ्यांच्या भाड्यातून भागतो. यंत्रविक्रेता जाणकार असतो, अनेकदा स्वतः उत्पादकही असतो, आणि त्याचे व्याख्यान उपयुक्तही ठरते. मात्र ‘काहीही विकत घेऊ नका, फक्त छिद्र थोडे उथळ पाडा आणि गेल्या वर्षीच्या छिद्रापासून दूर पाडा’ असे सांगणाऱ्या विषयाला प्रायोजक मिळत नाही. विषयांच्या निवडीत असा एक अदृश्य कल शिरतो. कोणाच्या मनात वाईट हेतू असायची त्यासाठी गरज नसते.

गोळीचा धडा

हा कल किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण या धंद्याच्या इतिहासातच आहे. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी पॅराफॉर्माल्डिहाइडची गोळी बाजारात आली. छिद्रात ही गोळी टाकली, की जंतू मरत, छिद्र लवकर बंद होत नसे आणि रस अधिक काळ वाहत राही. संशोधनातून निघालेली, नियामक यंत्रणेची संमती असलेली आणि लगेच फळ देणारी ही युक्ती झपाट्याने पसरली. उत्पादकाच्या दृष्टीने यात आक्षेपार्ह काहीच नव्हते.

झाडाच्या दृष्टीने मात्र होते. छिद्र ही खोडाला झालेली जखम असते. झाड त्या जखमेभोवती भिंत उभारून सडण्याची प्रक्रिया रोखते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी झाडांच्या या स्वसंरक्षणाचा आयुष्यभर अभ्यास केला. १९७० मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोळीचा छिद्राभोवतीच्या लाकडावर होणारा परिणाम तपासला होता. जंतूंसोबत गोळी झाडाच्या जिवंत पेशींनाही इजा करीत होती आणि लाकडाचा ऱ्हास वाढत होता. रस वाढला खरा, पण तो झाडाच्या आयुष्यातून उसना घेतलेला होता. व्हरमाँटने १९८०च्या दशकातच या गोळीवर बंदी घातली. अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांतून ती पुरती हद्दपार व्हायला १९९०चे दशक उजाडावे लागले.

वीस-तीस वर्षांच्या या काळात ज्ञान उपलब्ध नव्हते असे नाही. ते उत्पादकापर्यंत पोहोचायला आणि त्याला पटायला वेळ लागला. गोळी वापरल्याचा लाभ त्याच हंगामात दिसतो, तोटा दहा वर्षांनी खोड कापल्यावर दिसतो. या दोहोंतील अंतर भरून काढण्याचे काम चर्चासत्राचे असते. विषय निवडणाऱ्याने केवळ श्रोत्यांची पसंती पाहिली असती, तर गोळीवरील टीकेला कार्यक्रमपत्रिकेत कधीच जागा मिळाली नसती.

आजही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. प्रत्येक छिद्राच्या वर-खाली लाकडाचा एक पट्टा कायमचा निकामी होतो. त्यातून पुन्हा रस मिळत नाही. झाड दरवर्षी जितके नवे लाकूड तयार करते, त्याहून अधिक लाकूड छिद्रांमुळे निकामी होत असेल, तर एक दिवस तोटी निकामी लाकडातच बसणार. पूर्वीपेक्षा बारीक, म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर व्यासाचे छिद्र आता रूढ झाले आहे आणि त्याने जखम लहान झाली हे चांगलेच झाले. पण निर्वाताच्या जोरावर झाडातून दुप्पट रस काढला जात असताना, झाडाची वाढ मोजायची कशी आणि किती जाडीच्या झाडाला हात लावायचा नाही, हा विषय दरवर्षी शिकवला गेला पाहिजे. तो कंटाळवाणा वाटतो, म्हणून वगळण्याचा मोह मात्र होतो.

न विचारलेले प्रश्न

सत्र संपल्यावर श्रोत्यांकडून अभिप्रायाचा कागद भरून घेण्याची पद्धत सर्वत्र आहे. ‘पुढच्या वर्षी कोणता विषय हवा?’ असा प्रश्न त्यात असतो. हा उपाय लोकशाहीला धरून आहे, परंतु अपुरा आहे. जे माहीत आहे त्याविषयीच माणूस अधिक विचारतो. जे ठाऊकच नाही त्याविषयी तो विचारणार तरी कसा?

शिशाचे उदाहरण घ्या. जुन्या कढया, टाक्या आणि बादल्यांच्या जोडांत शिशाचा वापर असे. आजोबांच्या काळची कढई अनेक कुटुंबांत अभिमानाने वापरली जाते. रस आटताना त्यातील शिसे पाकात उतरू शकते आणि पाणी निघून गेल्याने त्याचे प्रमाण वाढते. ही कढई बदला, असे सांगणारे व्याख्यान मागायला कोणी येत नाही. तरीही विद्यापीठांच्या विस्तारसेवेने हा विषय लावून धरला, म्हणून उत्पादक पोलादी साधनांकडे वळले.

दुधाची गोष्टही तशीच. पाक उकळताना फेस वर येतो. तो बसवण्यासाठी पूर्वी लोणी किंवा साय टाकण्याची रीत होती. दुधाची ॲलर्जी असलेल्या ग्राहकाला त्यापासून धोका असतो, हे उत्पादकाच्या ध्यानीमनीही नसते. फेस बसवायला काय वापरले याची नोंद ठेवा, हा पाच मिनिटांचा मुद्दा. पण तो कोणीतरी मुद्दाम कार्यक्रमात घालावा लागतो.

कायद्याचे विषयही याच वर्गातील. अमेरिकेत मेपलच्या प्रतवारीची नवी नावे २०१५ मध्ये देशभर लागू झाली. व्हरमाँटने ती त्याआधी वर्षभर स्वीकारली होती. पूर्वी फिक्या पाकाला वरची आणि गडद पाकाला खालची प्रत मिळे. आता सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद असे चारही प्रकार ‘ए’ श्रेणीतच येतात आणि रंगासोबत चवीचेही वर्णन असते. ज्यांनी हा बदल समजून घेतला त्यांना गडद पाक अभिमानाने विकता आला. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमामुळे शुद्ध मेपल सिरपच्या बाटलीवरही ‘वरून घातलेली साखर’ असा उल्लेख करावा लागेल, अशी वेळ आली. ज्यात काहीही घातलेले नाही त्यावर असा शिक्का कसा, असा प्रश्न मेपल आणि मध उत्पादकांनी केला. हजारो हरकती नोंदवल्या गेल्या, संसदेने २०१८च्या शेतीविधेयकात तरतूद केली आणि २०१९ मध्ये प्रशासनाने नमते घेतले. नियम वाचणारे आणि इतरांना समजावून सांगणारे लोक संघटनेत होते, म्हणून हे घडले. लेबलवरील बारीक अक्षरांचे व्याख्यान रूक्ष असते. पण या प्रसंगी धंद्याची पत त्याच अक्षरांवर अवलंबून होती.

पाक वाढला, बाजाराचे काय?

उत्पादनवाढीच्या विषयांचा सर्वात मोठा परिणाम बाजारावर झाला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकडेवारीनुसार व्हरमाँटमध्ये एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी वीस लाखांच्या आसपास असलेली छिद्रांची संख्या २०२०च्या सुमारास साठ लाखांवर गेली. २०२४च्या हंगामात अमेरिकेत ५८ लाख गॅलनहून अधिक, म्हणजे सुमारे सव्वादोन कोटी लिटर पाक तयार झाला आणि त्यात एकट्या व्हरमाँटचा वाटा निम्म्याहून अधिक होता. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, देशाचे उत्पादन सुमारे ४२ लाख गॅलन होते. एका वर्षात एवढा चढउतार.

जगातील सुमारे ७० टक्के मेपल सिरप पिकवणाऱ्या क्युबेकमध्ये हे हेलकावे आणखी मोठे असतात. तेथे २०२१ मध्ये १३.३ कोटी पौंड, २०२२ मध्ये २१.१ कोटी, २०२३ मध्ये १२.४ कोटी आणि २०२४ मध्ये २३.९ कोटी पौंड उत्पादन झाले. हे धक्के सोसण्यासाठी तेथील उत्पादक महासंघाने २००० मध्ये राखीव साठा आणि २००४ पासून कोटा पद्धत सुरू केली. २०११-१२ मध्ये याच साठ्यातील सुमारे तीन हजार टन पाकाच्या चोरीने जगभर खळबळ उडाली होती. २०२१च्या तुटीच्या वर्षी महासंघाने साठ्यातून पाच कोटी पौंड पाक बाजारात आणला.

या दोन व्यवस्थांचा चर्चासत्रांच्या विषयांवर परिणाम व्हायला हवा. क्युबेकमध्ये थेट ग्राहकाला विकलेले छोटे डबे वगळता पिंपांतील पाकाची विक्री सामूहिक यंत्रणेतून होते आणि प्रत्येक पिंपाची स्वतंत्र तपासणी होते. तेथील उत्पादकाला चवीतील दोष कसे टाळावेत याचे शिक्षण सर्वात मोलाचे, कारण दोष सापडला की दर कापला जातो. व्हरमाँट किंवा न्यूयॉर्कच्या उत्पादकामागे अशी यंत्रणा नाही. त्याने छिद्रे दुप्पट केली आणि सगळ्यांनीच ती दुप्पट केली, तर घाऊक भाव पडण्याची जोखीम त्याची त्यालाच सोसावी लागते. त्याच्यासाठी उत्पादनखर्चाचा हिशेब, कर्जफेडीचे गणित, किरकोळ विक्री, मेपलची साखर व मलई यांसारखी जोडउत्पादने हे विषय पंपाइतकेच निकडीचे आहेत. असे असूनही वहीखात्याच्या सत्राला येणारे थोडे आणि पंपाच्या सत्राला येणारे अनेक, हे चित्र बहुतेक शेतीव्यवसायांत दिसते तसे येथेही दिसते.

जंगल आणि हवामान

सर्वात दूरचा विषय हवामानाचा, आणि तोच आता सर्वात जवळ आला आहे. ईशान्य अमेरिकेतील काही दशकांच्या हंगामांच्या पाहणीत असे आढळले, की हंगाम पूर्वीपेक्षा साधारण आठ दिवस आधी सुरू होतो आणि अकरा दिवस आधी संपतो. म्हणजे तो अलीकडे सरकला आणि आक्रसलाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार उत्सर्जन असेच वाढत राहिले, तर शतकाच्या अखेरीस हंगाम महिनाभर आधी येईल आणि रसाचा मुबलक पट्टा सुमारे ४०० किलोमीटर उत्तरेला सरकेल. हे ऐकून उत्पादकाने काय करायचे, हे सांगितले नाही तर असे व्याख्यान केवळ धास्ती निर्माण करते. जानेवारीतच छिद्रे पाडावीत का, लवकर पाडलेली छिद्रे हंगामअखेरपर्यंत वाहती कशी ठेवावीत, लाल मेपलसारख्या अन्य जाती राखाव्यात का, अशा कामाच्या प्रश्नांत उतरले तरच हा विषय श्रोत्याच्या उपयोगाचा होतो.

किडींचेही तसेच. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर शहरात आशियाई लांबशिंगी भुंगेरा सापडला. मेपल हे त्याचे आवडते खाद्य. त्याला रोखण्यासाठी तीस हजारांहून अधिक झाडे तोडावी लागली. हा कीटक प्रथम एका सामान्य रहिवाशाच्या नजरेस पडला होता, हे लक्षणीय आहे. रोज जंगलात फिरणाऱ्या हजारो उत्पादकांना तो ओळखता आला, तर तो पसरण्याआधीच हाती लागण्याची शक्यता किती वाढेल! केवळ मेपलचीच राई राखली तर किडींना मोकळे रान मिळते. म्हणून व्हरमाँटमध्ये ऑड्युबॉन या पक्षीसंवर्धक संस्थेने २०१४ पासून उत्पादकांसह उपक्रम चालवला आणि राईत किमान चतुर्थांश झाडे अन्य जातींची असावीत, असा आग्रह धरला. पक्षी आले की अळ्या आटोक्यात राहतात, हा त्यामागचा विचार. या विषयाने त्या वर्षी एक थेंबही रस वाढत नाही. झाडे उभी राहतात, एवढेच.

महाराष्ट्राशी नाते

विद्यापीठाने शेतकऱ्याच्या दारी जावे ही कल्पना अमेरिकेत १९१४च्या कायद्याने विस्तारसेवेच्या रूपात साकारली. व्हरमाँट आणि कॉर्नेल या मेपल संशोधनातील दोन्ही आघाडीच्या विद्यापीठांची जडणघडण याच परंपरेत झाली. भारतातील कृषी विद्यापीठेही याच नमुन्यावर उभी राहिली आणि राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांचा वारसा तोच आहे. कोल्हापूरच्या गुऱ्हाळचालकाला मेपलची प्रतवारीची कथा ओळखीची वाटेल. पिवळ्याधमक गुळाला भाव मिळतो म्हणून रसायन टाकून रंग खुलवण्याची सवय लागली. गडद, रसायनविरहित गूळ चांगला, हे ग्राहकाला सांगणे त्यानंतर अवघड होऊन बसले. द्राक्ष बागाईतदारांच्या चर्चासत्रांत छाटणी आणि फवारणीला गर्दी होते आणि औषधांच्या अंशांचे प्रमाण निर्यातीचा माल परत आल्यावर आठवते. उत्पादक कोणत्याही देशातला असो, त्याचे कान हंगामाकडे लागलेले असतात.

तोल कसा राखावा?

यावर एकच एक उपाय नाही. पण अनुभवातून काही दिशा दिसतात. पहिली म्हणजे श्रोत्यांचे गट वेगळे करणे. परसातील वीस झाडांना बादल्या टांगणारा हौशी आणि वीस हजार छिद्रांचा व्यावसायिक यांना एकाच खोलीत बसवले, तर दोघेही निराश होतात. नवख्यांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवण्याची पद्धत म्हणूनच रूढ झाली. दुसरी म्हणजे विषयांच्या यादीत काही जागा राखून ठेवणे : एक जंगलाची, एक अन्नसुरक्षेची, एक हिशेबाची. या जागा गर्दीच्या कसोटीवर मोजायच्या नाहीत. तिसरी म्हणजे वक्ता कोण आणि त्याचा विषयाशी आर्थिक संबंध कोणता, हे कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट छापणे. २०१४च्या शेती कायद्यात मेपलसाठी खास तरतूद झाली आणि काही वर्षांनी तिच्यातून संशोधन व प्रशिक्षणाला निधी मिळू लागला. गाळ्यांच्या भाड्यावर अवलंबून नसलेल्या अशा पैशाचा उपयोग नेमका या राखीव जागांसाठी व्हायला हवा.

चौथी दिशा सर्वात सोपी आणि सर्वाधिक दुर्लक्षित आहे. ‘काय ऐकायला आवडेल?’ याऐवजी ‘गेल्या हंगामात नुकसान कशाने झाले?’ असे अभिप्रायाच्या कागदावर विचारावे. पाक परत आला का, पिंप नाकारले गेले का, किती झाडे वाळली, किती छिद्रांतून तपकिरी भुसा निघाला? पांढरा भुसा निरोगी लाकडाचा, तपकिरी भुसा निकामी लाकडाचा, हे प्रत्येक उत्पादक जाणतो. त्याने ड्रिल बाहेर काढताना जे पाहिले ते कागदावर लिहिले, तर पुढच्या वर्षीचा विषय झाडानेच सुचवलेला असेल.

मेपलचे झाड छिद्र पाडण्याजोगे व्हायला साधारण चाळीस वर्षे लागतात आणि नीट जपले तर ते पुढे शंभर वर्षे रस देऊ शकते. एखादा उत्पादक त्याच्याकडून फार तर तीस-चाळीस हंगाम रस घेतो. झाडाचे आयुष्य उत्पादकाहून मोठे आहे, मग त्याच्याविषयीचे शिक्षणही एका हंगामाच्या नफ्यातोट्यावर बेतून चालणार नाही. हिवाळ्यातील एका शनिवारी शाळेच्या वर्गात कोणता विषय घ्यायचा, हा निर्णय छोटा दिसतो. तो घेणाऱ्यांनी मात्र समोर बसलेल्या श्रोत्यांबरोबरच, अजून जन्माला न आलेल्या उत्पादकांचाही विचार करायला हवा.